खासदारांच्या कामाची वही

शेतीविषयक तीन कायदे संसदेत संमत झाले ते सप्टेंबर २०२० मध्ये. आमचं वाचनालय तेव्हा करोनामुळे बंद होतं. पण वाचनालयाची वर्तमानपत्रं मी घरी मागवून ओसरीवर ठेवत असे आणि गावातली चार माणसं लांब लांब बसून ती वाचत. आमचा भाग सोयाबीन-तुरीचा. बाजार समित्या राहणार की जाणार, हमीभावाचं काय होणार, याच्यावर रोज बोलणं व्हायचं. एका सकाळी माझाच एक जुना विद्यार्थी, आता मोठी शेती सांभाळणारा, म्हणाला, "बाई, चांगलं-वाईट ऱ्हाऊ द्या बाजूला. आपल्या खासदारानं काय केलं तेवढं सांगा. हो म्हणला का नाही म्हणला?"

प्रश्न अगदी रास्त होता. मी हायस्कूलमध्ये गणित शिकवलं. कागदावर उतरलेली गोष्ट चिकाटीने शोधली की सापडते, असा माझा आयुष्यभराचा अनुभव. संसदेचं कामकाज तर शब्दन् शब्द उतरवून घेतात. तेव्हा संध्याकाळपर्यंत सांगते, असं म्हणून मी लोकसभेच्या संकेतस्थळावर त्या दिवसांचं कामकाज उघडलं.

अत्यावश्यक वस्तू कायद्यातली दुरुस्ती लोकसभेत १५ सप्टेंबरला संमत झाली होती, उरलेली दोन विधेयकं १७ सप्टेंबरला. भाषणं होती, मंत्र्यांचं उत्तर होतं, मध्ये मध्ये सभागृहात झालेल्या गोंधळाच्या नोंदी होत्या. पानं संपत आली आणि शेवटी एक ओळ आली : 'प्रस्ताव स्वीकृत हुआ।' बस. कोण होय म्हणालं, कोण नाही म्हणालं, कोण गप्प बसलं, कोण उठून गेलं, याची नावं कुठेच नव्हती. मी दुसऱ्या दिवशीचं कामकाज पाहिलं, पुरवण्या पाहिल्या, हिंदी प्रत सोडून इंग्रजी प्रत पाहिली. मतदान आवाजी झालं होतं. आवाज मोजत नाहीत आणि आवाजाला नावही नसतं.

राज्यसभेत २० सप्टेंबरला, रविवारी, जे झालं ते सगळ्या देशाने पाहिलं. विरोधी सदस्यांनी मतविभाजन मागितलं. मागणी करणारे आपापल्या जागेवर नव्हते, असं उपसभापती हरिवंश यांचं म्हणणं. आम्ही जागेवरूनच मागणी केली, असं विरोधकांचं म्हणणं. गदारोळातच दोन विधेयकं आवाजी मतदानाने संमत झाली. दुसऱ्या दिवशी आठ सदस्य निलंबित झाले, त्यांत आपल्या हिंगोलीचे राजीव सातव होते. तिसरं विधेयक २२ तारखेला झालं. पुढे वर्षभर दिल्लीच्या सीमेवर शेतकरी बसून राहिले आणि २९ नोव्हेंबर २०२१ ला तिन्ही कायदे मागे घेणारं विधेयक दोन्ही सभागृहांनी एकाच दिवशी, चर्चेविना संमत केलं. तेही आवाजी मतदानानेच. कायदे आले तेव्हाही नावं नाहीत, गेले तेव्हाही नावं नाहीत. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचं उत्तर आजही कुणाला देता येणार नाही. खासदार स्वतः सांगतील तेवढंच.

त्या दिवसापासून मी वही घातली. खासदारांचं नाव इथे लिहीत नाही. मला सांगायचं आहे ते एका माणसाबद्दल नाही, आणि पुढे खासदार बदलले तरी वही तीच राहिली.

आधी मत कसं घेतात ते समजून घेतलं. चर्चा संपली की अध्यक्ष प्रस्ताव मांडतात, अनुकूल असतील त्यांना होय म्हणायला सांगतात, प्रतिकूल असतील त्यांना नाही. मग 'होयचे बहुमत आहे' असं आपलं मत जाहीर करतात. कुणी हरकत घेतली नाही तर विषय तिथे संपला. पण त्याच क्षणी एखाद्या सदस्याने अध्यक्षांच्या मताला आव्हान दिलं, तर लोकसभेच्या नियम ३६७ प्रमाणे घंटा वाजते, लॉबी रिकामी करतात, साडेतीन मिनिटं थांबतात आणि प्रस्ताव दुसऱ्यांदा मतास टाकतात. तरीही कुणी आव्हान दिलं तर यंत्रावर बटणं दाबून किंवा चिठ्ठ्या वाटून मतं घेतात : होयला हिरवा, नाहीला लाल, तटस्थ राहणाऱ्याला पिवळा. नावनिशीवार यादी कामकाजात छापली जाते. हेच मतविभाजन. त्याच नियमात एक पळवाटही आहे. विनाकारण मतविभाजन मागितलं जातंय असं अध्यक्षांना वाटलं, तर ते सदस्यांना जागेवर उभं करून नुसती डोकी मोजू शकतात, आणि तसं केलं की नावं नोंदवली जात नाहीत. घटनादुरुस्ती असेल तर मात्र पळवाट नाही. अनुच्छेद ३६८ ला एकूण सदस्यसंख्येचं बहुमत लागतं आणि हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन तृतीयांशही लागतं, म्हणून मोजावंच लागतं.

म्हणूनच महिला आरक्षणाच्या घटनादुरुस्तीची यादी वहीत उतरवताना मला मनापासून आनंद झाला. २० सप्टेंबर २०२३, लोकसभा, बाजूने ४५४, विरोधात २. विरोधातल्या दोघांपैकी एक हैदराबादचे असदुद्दीन ओवैसी आणि दुसरे आपल्या औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील. ओबीसी आणि मुस्लिम स्त्रियांना त्या आरक्षणात वेगळा वाटा नाही, हे त्यांनी विरोधाचं कारण सांगितलं. मी स्वतः त्या विधेयकाच्या बाजूची आहे, इतक्या वर्षांनी ते आलं म्हणून आमच्या महिला मंडळात पेढे वाटले होते. पण त्या दोन मतांबद्दल मला आदर आहे. साडेचारशे माणसं एकीकडे असताना विरोधात मत टाकायचं, कारण सांगायचं आणि आपलं नाव छापून येऊ द्यायचं. औरंगाबादच्या मतदाराला त्या मताचा राग आला असेल तर राग धरता आला, पटलं असेल तर पाठीशी राहता आलं. सोयाबीन पिकवणाऱ्या माझ्या विद्यार्थ्याला तेवढंच हवं होतं.

लोक मला म्हणतात, यादी असून तरी काय उपयोग? पक्षाने व्हिप काढला की सगळे मेंढरासारखे जातात. या म्हणण्यात तथ्य आहे. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली आणि पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याची किंवा मुद्दाम गैरहजर राहणाऱ्याची सदस्यताच जाऊ शकते. पैशाच्या आणि मंत्रिपदाच्या बदल्यात होणारी पक्षांतरं थांबावीत म्हणून ती आणली, पण त्या तरतुदीने साध्या विधेयकावरचं मतसुद्धा बांधून टाकलं. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या किहोटो होलोहान प्रकरणात हे बंधन सरकार तरण्या-पडण्याच्या आणि पक्षाच्या मूळ धोरणाच्या मतांपुरतं असावं, असं सुचवलं होतं. पक्षांनी ते मनावर घेतलं नाही.

तरी यादी हवीच, असं माझं ठाम मत आहे. मत पक्षाचं असलं तरी ते पक्षाला आणि माणसाला, दोघांनाही चिकटतं. नागरिकत्व दुरुस्ती विधेयकाचं उदाहरण घ्या. ९ डिसेंबर २०१९ च्या रात्री लोकसभेत ते ३११ विरुद्ध ८० मतांनी संमत झालं आणि शिवसेनेच्या खासदारांनी बाजूने मत दिलं. दोन दिवसांनी तेच विधेयक राज्यसभेत आलं तेव्हा शिवसेनेचे सदस्य मतदानातून बाहेर राहिले. मधल्या काळात विधेयकातला एक शब्द बदलला नव्हता. मुंबईत मात्र नव्या तीन पक्षांच्या सरकारला नुकतेच दोन आठवडे होत आले होते. हे आज निश्चितपणे सांगता येतं ते मतविभाजन झालं म्हणूनच. आवाजी मतदान झालं असतं तर कुणी काहीही सांगितलं असतं आणि कुणालाच खोटं ठरवता आलं नसतं.

विधानसभेत तर अशी नोंद याहून दुर्मीळ. अर्थसंकल्पाच्या मागण्या, विधेयकं, सगळं 'होयचे बहुमत' म्हणत पुढे सरकतं. गेल्या काही वर्षांत आमच्या गावाने आमदाराचं मत डोळ्यांनी पाहिलं ते दोनदाच. ३० नोव्हेंबर २०१९ ला उद्धव ठाकरे सरकारने १६९ विरुद्ध शून्य असा विश्वासदर्शक ठराव जिंकला, भाजपचे सदस्य बाहेर पडले होते. आणि ४ जुलै २०२२ ला एकनाथ शिंदे सरकारने १६४ विरुद्ध ९९ असा. दोन्ही वेळा शिरगणती झाली. एकेक आमदार उभा राहून नाव आणि क्रमांक सांगत होता. दुसऱ्या वेळी वाचनालयात दूरचित्रवाणीसमोर बसायला जागा नव्हती. आमच्या आमदारांची पाळी आली तेव्हा सगळे एकदम गप्प झाले, आणि त्यांनी आकडा उच्चारल्याबरोबर दोन तट पडून असा आरडाओरडा झाला की पुढचे चार-पाच आकडे कुणाला ऐकूच आले नाहीत. त्या मतदानात शिवसेना या एकाच पक्षाच्या दोन गटांनी दोन प्रतोद नेमले होते आणि दोघांनीही व्हिप काढले होते. कुणाचा व्हिप खरा, याच्यावर सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ ला सांगितलं की प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नाही. मग मूळ पक्ष कोणता, हा प्रश्न विधानसभा अध्यक्षांकडे गेला आणि त्यांचा निर्णय १० जानेवारी २०२४ ला आला. मतदारांनी १६४ आणि ९९ ची यादी तोवर तोंडपाठ केली होती.

मताची नोंद अशी क्वचितच मिळते. मग वहीत लिहायचं काय? प्रश्न, भाषणं, हजेरी, खासगी विधेयकं. दिल्लीतली पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था २००५ पासून हे काम करते. कुठल्याही खासदाराची हजेरी, विचारलेले प्रश्न, चर्चेतला सहभाग, मांडलेली खासगी विधेयकं आणि शेजारी राज्याची नि देशाची सरासरी, असं सगळं त्यांच्याकडे एका पानावर मिळतं. वर्तमानपत्रांतून 'सर्वाधिक प्रश्न विचारणारे खासदार' अशा बातम्या येतात त्या इथूनच. आकडे प्रामाणिक असतात, त्यांच्यावर उड्या मारणारे आपण घाई करतो.

हजेरीचंच घ्या. हजेरी म्हणजे हजर असल्याची नुसती नोंद. ती करून सदस्य किती वेळ बसला, ते तिच्यातून कळत नाही. मंत्री ही नोंद करत नाहीत आणि प्रश्नही विचारत नाहीत, उत्तरं देतात. म्हणून मंत्री झालेल्या खासदाराच्या रकान्यात काहीच नसतं आणि गावात अफवा उठते की साहेब दिल्लीला जातच नाहीत. याच्या उलटही घडतं. डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ विरोधी सदस्य निलंबित झाले. १९ तारखेला बारामतीच्या सुप्रिया सुळे आणि शिरूरचे अमोल कोल्हे यांचं निलंबन झालं. निलंबित सदस्यांचे प्रश्नही यादीतून वगळले गेले. म्हणजे ज्याने पंधरा दिवस आधी नोटीस दिली, ज्याचा प्रश्न सोडतीत निघाला, त्याच्या मतदारसंघाला उत्तरच मिळालं नाही. दुसऱ्याच दिवशी, लोकसभेतले नव्वदहून अधिक विरोधी सदस्य बाहेर असताना, भारतीय न्याय संहितेसह फौजदारी कायद्यांची तीन विधेयकं आवाजी मतदानाने संमत झाली. इंग्रजांच्या काळापासूनची दंडसंहिता बदलली, आणि कुणाच्या मताने, याची यादी नाही. हे लिहिताना आजही माझा संताप होतो.

माझ्या वहीत म्हणून हजेरीला एकच अरुंद रकाना आहे. प्रश्नांना पानंच्या पानं.

प्रश्नाचे प्रकार दोन. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो आणि त्याच्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकिताला लेखी उत्तर मिळतं. लोकसभेत रोज वीस तारांकित प्रश्न यादीत येतात, अतारांकित २३०. कुणाचे प्रश्न यादीत यायचे ते सोडतीने ठरतं. अकरा ते बारा या तासात तारांकित प्रश्नांपैकी मोजक्यांनाच तोंडी उत्तर मिळतं, तेही गोंधळ झाला नाही तर. ज्या सप्टेंबरच्या अधिवेशनात शेती कायदे आले, त्यात तर प्रश्नोत्तराचा तासच नव्हता, फक्त लेखी उत्तरं होती.

विधानसभेचे प्रश्न मराठीत असतात, म्हणून वाचनालयात मी तेच आधी वाचायला देते. त्यांचा साचा ठरलेला आहे. अमुक तालुक्यातील अमुक रस्त्याचे काम निकृष्ट दर्जाचे झाल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय. असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय. असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत. उत्तराचा साचाही तसाच : हे अंशतः खरे आहे. शेवटच्या उपप्रश्नाला, प्रश्न उद्भवत नाही. पहिल्यांदा वाचणाऱ्याला ही भाषा कोरडी वाटते. पण दोन उत्तरं शेजारी ठेवून वाचायची सवय लागली की पोरंसुद्धा पकडतात, 'बाई, यानी अंशतः म्हणलं पण कोणता अंश ते सांगितलंच नाही.' दहावीच्या मुलांना नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून जे कळत नाही ते या एका कागदावरून कळतं.

त्याच कागदाच्या डोक्यावर प्रश्नकर्त्यांची नावं असतात. एकेका प्रश्नावर दहा-बारा आमदारांची नावं ओळीने छापलेली असतात. लोकसभेतही सारखे प्रश्न एकत्र करतात आणि एका प्रश्नाखाली अनेक नावं येतात. प्रत्येकाच्या खात्यात तो एकेक प्रश्न जमा होतो. त्यामुळे शंभर प्रश्न आणि साठ प्रश्न या आकड्यांत शंभरवाला पुढे आहे असं मी मुळीच धरत नाही. प्रश्नाला बाजारभावही असू शकतो, हे आपण डिसेंबर २००५ मध्ये पाहिलं. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल अकरा खासदारांची हकालपट्टी झाली, त्यांतले दोन आपल्या जळगाव जिल्ह्यातले होते. सहभागाचंही तसंच, लोकसभेच्या नियम ३७७ खाली मांडलेले बरेचसे विषय प्रत्यक्ष बोललेले नसतात, पटलावर ठेवलेले असतात. खासगी विधेयकं मांडली जातात भरपूर, पण स्वातंत्र्यानंतर त्यांतली चौदाच कायदा झाली आणि शेवटचं झालं १९७० मध्ये. ती मांडू नयेत असं नाही, एखाद्या खासदाराला मनापासून काय हवंय ते त्यांतून कळतं. मात्र नुसती संख्या मोजून काही हाती लागत नाही.

माझी विभागणी साधी. प्रश्नात आमच्या जिल्ह्याचं नाव आहे का? प्रश्नाचं उत्तर आल्यावर त्याच विषयावर पुढचा प्रश्न आला का? मंत्र्यांनी आश्वासन दिलं असेल तर ते पाळलं का? सभागृहात दिलेलं आश्वासन तीन महिन्यांत पुरं करायचं असतं आणि त्याचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती असते, हे मला या वहीमुळेच कळलं. या तीनही रकान्यांत मधला रकाना सर्वांत रिकामा असतो. प्रश्न विचारला, बातमी आली, समाजमाध्यमांवर चित्र टाकलं, संपलं. उत्तरात काय आलं ते प्रश्न विचारणाऱ्यानेच वाचलं नाही की काय, अशी शंका यावी इतका तो रिकामा.

एकदा खासदार तालुक्याच्या विश्रामगृहावर आले असताना मी वही घेऊन गेले. बरोबर तोच शेतकरी विद्यार्थी होता. भेटायला आलेल्यांत बदल्यांचे अर्ज होते, सभामंडपाची निवेदनं होती, लग्नाच्या पत्रिका होत्या. आमची पाळी आल्यावर मी वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी पानं उलटली, बराच वेळ वाचलं. मग म्हणाले, "बाई, खरं सांगू का, मला आजपर्यंत दिवे, रस्ते, बदली यांच्यासाठी माणसं भेटली. सभागृहात काय बोललो म्हणून विचारायला तुम्हीच आलात." मी म्हटलं, साहेब, रस्ता आणि दिवा आम्ही झेडपीला मागू, दिल्लीत आमच्या वतीने फक्त तुम्हीच बोलू शकता.

विद्यार्थ्याने पीकविम्याचं काढलं. परतीच्या पावसात सोयाबीन शेतातच भिजलं होतं. प्रधानमंत्री पीकविमा योजनेत अशा नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागते. वीज नाही, मोबाइलला रेंज नाही, ओढ्याला पूर आलेला. माणसं चौथ्या दिवशी तालुक्याला पोचली आणि सूचना उशिरा म्हणून बाद झाली. खासदारांनी ऐकून घेतलं आणि स्वीय सहायकाला प्रश्न लिहून घ्यायला सांगितलं. तो तरुण मुलगा होता, हुशार होता, पण त्याने लिहिलं ते असं : पीकविमा योजनेत शेतकऱ्यांना अडचणी येत आहेत, हे खरे आहे काय? मी त्याच्या हातून कागद घेतला. अशा प्रश्नाला उत्तर येणार, होय, सरकार शेतकऱ्यांसाठी कटिबद्ध आहे. आम्ही तिथेच बसून प्रश्न पुन्हा लिहिला : ७२ तासांनंतर आली म्हणून किती सूचना नाकारल्या, जिल्हानिहाय, दळणवळण बंद असलेल्या भागात मुदत वाढवायची तरतूद आहे काय, असल्यास ती कोणत्या जिल्ह्यात वापरली.

पुढच्या अधिवेशनात तो अतारांकितांत लागला. उत्तराला जोडलेल्या तक्त्यात राज्यवार आकडे होते. महाराष्ट्राची एक ओळ, जिल्हे नाहीत. पुन्हा प्रश्न गेला, या वेळी 'जिल्हानिहाय' हा शब्द अगदी सुरुवातीलाच घालून. नंतरच्या उत्तरासोबत जिल्ह्यांची पुरवणी आली, आमच्या जिल्ह्याची ओळ तिच्यात होती : किती शेतकऱ्यांनी विमा उतरवला, किती रक्कम दिली. नाकारलेल्या सूचनांचा रकाना मात्र नव्हताच. विद्यार्थी तो कागद हातात धरून म्हणाला, "म्हणजे दिलेल्यांची मोजदाद हाय, नाकारलेल्यांची नाही." मुदतीची तरतूद राज्यस्तरावरून कळते, म्हणून आम्ही तेच दोन उपप्रश्न आमदारांकडे दिले. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या यादीत ते आले, इतर नऊ नावांसह. रखडत का होईना, गावातल्या एका शेताच्या बांधावरचा प्रश्न दोन सभागृहांच्या छापील कागदावर गेला. कामकाजाच्या वहीचा मला वाटतो तो खरा उपयोग हाच. आपल्या माणसाला धारेवर धरायचं ते धराच, पण त्याच्या हातात नेमका प्रश्नही द्या.

२०२४ च्या निवडणुकीत खासदार बदलले. नव्या खासदारांना मी जुन्यांच्या प्रश्नांची यादी नेऊन दिली, कोणत्या प्रश्नांचं उत्तर अपुरं आलं त्यावर खुणा करून. पक्ष वेगळा असल्यामुळे ती घेताना त्यांनी जरा अवघडून पाहिलं, पण घेतली. त्याच वेळी एक पत्रही दिलं. शेतीबद्दलचं कुठलंही विधेयक आलं तर आपण स्वतः उठून मतविभाजन मागावं, मत कोणत्याही बाजूला द्या, पण नावानिशी द्या, असं त्या पत्रात लिहिलं होतं. पक्षाशी बोलावं लागेल, असं ते म्हणाले. मतविभाजन मागायला एकटा सदस्य पुरेसा असतो, हे मी त्यांना नियमासकट दाखवलं.

शेतीचं विधेयक तसं लगेच काही आलं नाही. पण २ एप्रिल २०२५ ला वक्फ दुरुस्ती विधेयकावर लोकसभेत चर्चा झाली आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर मतदान झालं : बाजूने २८८, विरोधात २३२. छापील यादी हाती आल्यावर मी तिची प्रत वाचनालयाच्या फलकावर लावली आणि आमच्या खासदारांच्या नावाखाली रेघ ओढली. दोन दिवस तिथे गर्दी होती. आमच्याकडे विधेयकाच्या बाजूचे आहेत तसे विरोधातलेही आहेत, आणि वाद चांगलाच पेटला. ते म्हणाले होते तरी काय, अमक्याने सांगितलं, तमक्याने ऐकलं, असलं काही कुणाला म्हणायची सोय राहिली नव्हती. दोघा जणांनी खासदारांना पत्रं लिहिली, एकाने अभिनंदनाचं, एकाने निषेधाचं. विधेयकाचं नाव, तारीख आणि खासदारांनी दिलेलं मत दोन्ही पत्रांत बिनचूक होतं. ऱ्हस्व-दीर्घ तेवढं मी दोन्हींतलं दुरुस्त करून दिलं आणि पत्रं टपालात पडली.